फुली

केईएममध्ये, हाताच्या ओपीडीत,
आमचे केसपेपर अदलाबदल झाले.
दोघांचाही उजवा अंगठा.
सिस्टरनं विचारलं, काम काय करता?
मी म्हटलं, बाइंडिंग. फोर्टात, वकिलांची पुस्तकं.
तो म्हणाला, तबल्याच्या पुड्या.
नाव दस्तगीर, मूळचा मिरजेचा,
आता धारावीत, पोटमाळ्यावर.

माझं टोकन एकशे चाळीस. आत गेला होता सत्त्याण्णव.

बोलणं कातड्यावर आलं, येणारच.
त्याला बकऱ्याचं लागतं, मलाही बकऱ्याचंच,
फक्त मला मिळतं ते कुणीतरी टाकलेलं,
कमवून, रंगवून, किलोवर.

"त्यावर कधीकधी एक फुली असते," मी म्हटलं,
"सुरीच्या टोकाची, कोपऱ्यात.
रंगानं बुजत नाही.
बावीस वर्षं मी ती आत दुमडते, खळ लावून."

तो हसला नाही.
पट्टी बांधलेला अंगठा बघत राहिला.
"ताणून टिचकी मारतो मी," म्हणाला.
"जे बोलत नाही, त्यावर फुली."

म्हणजे हायकोर्टाच्या एवढ्या निकालांच्या,
दोन जाडजूड शब्दकोशांच्या,
आणि गिरगावातल्या एका म्हाताऱ्यानं
स्वतःपुरत्या बांधून घेतलेल्या नाटकाच्या पाठीवर
न बोलणारं कातडं.

हे मी त्याला सांगितलं, जरा भीतभीतच.
"पुस्तकाला कुठं वाजायचं असतं?" तो म्हणाला.
मग थोड्या वेळानं, हळूच,
"फाटलं का कधी त्यातलं एखादं?"

"नाही."

सत्त्याण्णव अजून आतच होता.