विसावा

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या बोळात,
गाजूलशेठच्या टॉवेल कारखान्यात
सतरा वर्षं हजेरी मी लिहिली.
एकोणीस नावं.
एकोणिसाव्याखाली लाल रेघ
आणि रेघेखाली उरलेलं पान कोरं.
शेठ म्हणायचे, हत्तुरे, रेघ सरळ मारा,
वाकडी गेली तर विसावर पडेल.

वीस माणसं भरली
की फंडाचा कायदा आत येतो,
चपला बाहेर न काढता.

राजेशम येमूल रेघेखालचा.
आठ नंबरच्या मागावर बारा तास उभा,
कानात कापूस, भुवयांवर कापूस.
त्याचा हप्ता मी किरकोळ खर्चात टाकायचो:
वंगण, सुतळी, झाडू, येमूल.

अठ्ठावन्नाव्या वर्षी
त्याला तुटला धागा दिसेना.
शनिवारी टेबलाशी येऊन म्हणाला,
मुनीमजी, माझा फंड किती झाला?
मी पानं उलटत राहिलो,
जणू कुठल्या तरी महिन्यात तो सापडणार होता.

त्याची बायको सत्यम्मा विड्या वळते,
उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन.
तिचं कार्ड आहे, कार्डावर नंबर,
नंबरावर दर महिन्याला चार पैसे.
घरात बसून मला कायदा सापडला, ती म्हणाली,
कारखान्यात उभा राहून तुला कसा नाही?
आणि तिनंच अर्ज लिहून घेतला.

सुनावणीला माझं रजिस्टर अगदी स्वच्छ.
मग दस्तगीर चहावाल्याची वही निघाली,
डाग पडलेली, कडा कुरतडलेली:
सकाळी दहा, कप वीस.
गड्ड्याच्या यात्रेत वीस, अवसेला वीस,
उन्हाळ्यात, पत्रा तापून माणसं पाणी मागतात तेव्हाही
कप वीसच.

शेठचे वकील हसले.
विसावा कप मुनीमाचा, साहेब.
अधिकाऱ्यानं चष्मा पुसला.
मुनीम पगार घेतो ना?

घेतो.

मग तोही माणूसच झाला की.

पंखा फिरत होता. मी रेघेचा विचार करत होतो.
सतरा वर्षं सगळ्यांना मोजलं,
मोजणारा राहून गेला.
गप्प बसलो असतो तरी वीस भरत होते.
तरी उठलो, म्हणालो,
मला आम्लपित्त आहे, साहेब. मी चहा पीत नाही.

बाहेर बाकावर शेठ
वीजबिलाच्या पाठीवर हिशेब करत होते.
सुताचा भाव, पानिपतचा स्वस्त माल,
मागची थकबाकी, त्यावर दंड, त्यावर व्याज.
हा माणूस एकेकाळी गिरणीत जॉबर होता.
गिरणी बुडाली तेव्हा ह्याच्या बापाचे पैसेही बुडाले,
ही गोष्ट मला त्यांनीच सांगितलेली, दोनदा.
तेव्हा त्यांचा आवाज येमूलसारखा व्हायचा.

चार माग भंगारात गेले.
सहा माणसं घरी.
पटावर आता चौदाच, मी धरून,
पण एकदा आत आलेला कायदा
डोकी मोजून परत जात नाही.

येमूलचे पैसे आले. त्यानं डोळ्याचं ऑपरेशन केलं,
उरलेले सत्यम्माच्या पासबुकात.
विसावा मिळाला, असं तो लोकांना सांगतो,
आणि ह्या शब्दावर एकटा मीच हसतो.

सहांतला इरप्पा चौकात भेटला.
म्हणाला, मुनीम, तुमच्या आम्लपित्तानं
मला काय दिलं?
सगळं नियमाप्रमाणे मिळालं ना, मी विचारलं.
मिळालं, तो म्हणाला. आणि थांबला.
मीही थांबलो. रिक्षा जाऊ दिली.

चलनाची तारीख पंधरा.
चौदाला संध्याकाळी शेठ
पैसे माझ्या टेबलावर ठेवतात, बोलत नाहीत.
मी मोजून घेतो.
त्यांच्यासमोरच.