साडेसात इंच

बोहरी आळीत, दोराच्या वेटोळ्यांतून, पत्र्याच्या बादल्यांतून
वाट काढत आम्ही दोघं मुर्तुझाभाईंच्या दुकानात.
मी ड्युटी संपवून, खाकीवर घरचा स्वेटर,
समाधान ऑर्डरी बंद करून, पाठीवर लाल पेटी.
"टॅक्टिकल ग्लोव्हज दाखवा," तो म्हणाला.
शब्द त्याचा. मी आपली हातमोजेच म्हणते.

भाईंनी किंमत सांगितली नाही, टेप काढली.
माझ्या तळव्याभोवती फिरवली, अंगठा वगळून.
"साडेसात इंच. बायकांच्या मापात कुणी बनवत नाही, मॅडम.
पुरुषांचा स्मॉल बघू."
बारा वर्षं झाली नोकरीला.
छाती मोजली, उंची मोजली, टोपीसाठी डोकं मोजलं.
हात आजच मोजला.

पहिली जोडी काळी. बोटांच्या गाठींवर टणक कवच.
समाधाननं घातली, मूठ वळली,
काउंटरच्या काचेत स्वतःला बघितलं.
"कुणाला मारणारेस? बिर्याणीला?"
माणूस गाडीवरून पडतो तेव्हा मुठीवर पडत नाही रे,
आधी तळवा टेकतो.
तळव्याला दुहेरी चामडं बघ,
फोनला कळेल असं तर्जनीचं टोक बघ,
आणि मे महिन्यात सिंहगड रोडच्या सिग्नलला
जीव गुदमरणार नाही असं पाठीचं कापड.
तो हो हो म्हणाला.
कवच काही बोटांतून निघेना.

दुसरी जोडी राखाडी, आत पिवळट अस्तर.
"पातं चालत नाही याच्यावर."
"आणि सुई?"
भाई जरा थांबले.
"सुई शिरते. कापणं वेगळं, टोचणं वेगळं."
खोटं बोलता आलं असतं. बोलले नाहीत.
गेल्या वर्षी स्टेशनबाहेर एका पोराचा खिसा चाचपताना
मला टोचली होती.
सहा महिन्यांत तीनदा रक्त दिलं,
आईला सांगितलं, कावीळ बघतायत.
तेव्हापासून मी खिशात हात घालत नाही,
आधी विचारते,
मग वरून हलकेच दाबत जाते,
भाकरीचा पापुद्रा सुटलाय का बघावं तशी.
त्याला जाड हातमोजा नाही चालत.

आणि नवले पुलाखाली तर नाहीच चालला.
कंटेनर, त्याच्याखाली स्कूटर,
थोडी बाजूला एक मुलगी, कानात अजून हेडफोन.
मानेवर बोटं ठेवली, काही लागेना.
तिची नाडी नाही की माझा हातमोजा जाड, कळेना.
दातांनी ओढून काढला तो.
नाडी होती.
ससूनपर्यंत होती.
तो हातमोजा तिथंच कुठं तरी राहिला,
जोडीतला दुसरा माझ्या लॉकरमध्ये आहे,
टाकवत नाही.

"भाई, मनगट द्या."
"काय?"
"मनगट."
त्यांनी आधी पोराकडं पाहिलं, मग बाही वर सारली.
राखाडी घालून दाबलं: भिंत.
काळी घालून दाबलं: भिंत, वर कवचाची ऐट.
मग त्यांनी वरच्या फळीवरून एक धुळकट खोका काढला.
शेळीचं कातडं, साधं, तपकिरी, मनगटाला एक पट्टी.
"हे कुणी मागत नाही. दिसायला काही नाही ना."
दाबलं.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता,
समाधान पेटीचा बंद घट्ट करत होता,
आणि कातड्याच्या पलीकडून
ठोका.
ठोका.
मग काहीच नाही.
मग घाईघाईनं दोन.

मी अख्खं मिनिट मोजलं, घड्याळ लावून.
"भाई, मधला एखादा गळतोय."
"चाळीस वर्षं मापात मारतोय, मॅडम," ते हसले,
"तो पण माझ्याकडूनच शिकला असेल."
पण बाही खाली करायला विसरले.

समाधाननं शेवटी कवचवालेच घेतले,
पण दुहेरी तळव्याचे. एवढं ऐकलं.
मी तपकिरी. भाईंनी बिल केलं,
मी ते उलटं केलं
आणि मागे ओपीडीचा वार लिहिला, वेळ लिहिली,
उपाशीपोटी जा, असंही लिहिलं,
हातमोजा न काढता.
अक्षर जरा जाड आलं,
पण वाचता येत होतं.