केळ्री

ओपीडीच्या खोलीत स्टुलावर आई,
खुर्चीत मी, आणि टेबलापलीकडे मुदकवी मॅडम.
त्या कानडीत बोलत होत्या, माझ्याकडे बघून.
मी मान हलवत होतो,
आणि आईसाठी मराठी करताना
एकेक शब्द खिशात टाकत होतो.

त्या म्हणाल्या, जिभेची डावी कड, अर्ध्याला थोडी कमी, काढावी लागेल.
मी म्हणालो, गाठ आहे. बारकीशी.
त्या म्हणाल्या, मानेतही पसरलंय.
मी म्हणालो, मशेरी सोड म्हणतायत.
त्या म्हणाल्या, नाहीतर किरणं आणि सलाईनमधून औषध, सात आठवडे.
जीभ राहील, भरवसा कमी.
मी म्हणालो, देव आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
असलं काही आपण बोललो नाही, हे त्यांना कळलं होतं.
बेळगावात मराठी कुणाला कळत नाही?
आणि कानडी?

सौंदत्तीच्या डोंगरावर, गोकाकच्या बाजारात, बैलहोंगलला
चाळीस वर्षं आईनं बांगड्या भरल्या.
कै कोडव्वा, म्हणत
एकेका मनगटासोबत एकेक शब्द शिकली.
हे मला ठाऊक होतं.
त्या खोलीत मात्र ती मला
फक्त आजारी दिसत होती.

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला,
गिऱ्हाइकाआड आलेलं पोर बाजूला सारावं तसं
मला थोडं सारलं,
आणि म्हणाली, मॅडम, नन्न केळ्री.

केळ.
कानडीत 'विचार' आणि 'ऐक' यांना हा एकच शब्द.
मराठीत दोन आहेत.
मी दोन्ही चुकवले होते.

मग तिनं विचारलं.
अर्धी जीभ गेली तर कुठली अक्षरं जातात?
तिखट लागेल का?
भाव करता येईल का?
जत्रा पौर्णिमेला, त्याच्या आधी की नंतर?
आणि काहीच नको म्हटलं तर?
हे तिनं अगदी सावकाश विचारलं,
आणि मॅडमनी तितक्याच सावकाश सांगितलं.
महिने सांगितले. दुखण्याचंही सांगितलं.
कागद तिच्या बाजूनं फिरवून जीभ काढली,
कापायची जागा रेघांनी दाखवली.
आई वाकून बघत राहिली.
म्हणाली, माझी एवढी मोठी आहे होय?
तिघंही हसलो. मी जरा उशिरा.

सही करायला कागद पुढं आला.
आज नको, म्हणाली. आठ दिवस द्या.
मॅडम म्हणाल्या, चार.
आई म्हणाली, पाच.
पाचावर मिटलं.

स्टँडवर यळ्ळूरच्या बसची वाट बघत
बराच वेळ ती बोलली नाही. मग,
"न विचारता एक बांगडी कुणाच्या हातात चढवली न्हाई मी.
रंग विचारला. घट्ट हवी का सैल, विचारलं.
हात दुखूलाय का, विचारलं.
नऊ म्हयन्याच्या बाईचा हात सुजलेला असतोय,
साबण लावून, तिच्या तोंडाकडं बघत बघत...
आणि तू रे."
बस आली. वाक्य तिथंच राहिलं.

आज तिसरी रात्र.
आतल्या खोलीत आरशासमोर
जीभ उजव्या गालात दाबून धरून
ती बांगड्यांचे रंग म्हणून बघतेय.
हिरवा. मोतिया. राणी. जांभळा.
'राणी'चा र येत नाही.
'जांभळा'चा ळ कुठंतरी सांडतो.
तोंडात गोळा धरल्यासारखे शब्द,
पण मला कळतात.

मी दारात उभा.
आई, काय ठरवलंस, असं विचारणार होतो.
आरशातूनच तिनं हात वर केला.
आधी ऐक, म्हणाली,
आणि परत हिरव्यापासून सुरू केलं.