शिवण

पुस्तक मीच कापलं.
मासे साफ करायच्या सुरीने,
कण्यापाशी, सात तुकड्यांत.
प्रत एकच होती, आम्ही सातजण,
आणि चिलोएच्या मोठ्या बेटावरून येणारी बोट
जून लागला की पंधरा दिवसांतून एकदा.

चिठ्ठ्या टाकल्या.
पहिला भाग एर्मेलिंदाला,
दुसरा बाल्दोमेरोला, होडीच्या इंजिनाशेजारी ठेवायला;
शेवटचा निघाला रोसाउरोच्या नावाने,
ज्याने आजवर वाचलं होतं ते
भरती-ओहोटीचं वेळापत्रक.

शुक्रवारी चुलीभोवती बसलो.
मातेचा पेला फिरत होता.
रोसाउरो म्हणाला, ती बाई मेली.
नाव मला नीट उच्चारता येत नाही,
पण दोन दिवस जाळं टाकलं नाही मी.

एर्मेलिंदाने सोलता बटाटा खाली ठेवला.
तिच्याकडे ती बाई नऊ वर्षांची होती.
आदल्याच रात्री आईने तिच्या उवा काढल्या होत्या,
आणि शेजाऱ्याच्या भिंतीवरून उडी मारताना
परकरात सफरचंदं होती, चोरलेली.

मग मी आता तिला कशी वाचू?
किटलीचं झाकण तेवढं थडथडत राहिलं.

शिक्षिका आहे मी. पुस्तकाबद्दल बोलायचं
म्हणजे आधी आशय, मग पात्रं, मग शैली,
हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय.
इथे ओतिलिया म्हणते,
नवरा माझ्या मेव्हण्यासारखा जेवतो, मचमच आवाज करत.
लिहिणाऱ्याला तो कितीही आवडो,
मी त्याला क्षमा करणार नाही.
फाबियान सामन माशांच्या पिंजऱ्यांवरून थेट येतो,
ओल्या बुटांनी. त्याला एकच शंका:
ही माणसं कामावर कधी जातात?
आणि बाल्दोमेरोने वादळाच्या पानावर
पेन्सिलीने लिहून ठेवलंय:
उत्तरेचा वारा असा पडत नाही.
इथे होडी बुडाली असती.

तुकडे घरोघर फिरले.
ज्याला जो मिळाला तो त्याने वाचला,
ऑगस्टपर्यंत आमच्या सात कादंबऱ्या झाल्या.
रोसाउरोने उलटं वाचलं, शेवटाकडून.
त्याच्या कादंबरीत ती आधी मरते,
मग हळूहळू बरी होते,
केस काळे होत जातात,
नवरा भेटायचा राहून जातो,
आणि अखेर एक भिंत, एक उडी,
परकरात सफरचंदं.
हाच खरा शेवट, एर्मेलिंदा म्हणते.
माझं अजून ठरत नाही.

सप्टेंबरात पुस्तक पुढच्या बेटाला द्यायचं होतं.
दाभण घेतला, जाळ्याची दोरी घेतली.
एका भागाला धुराचा वास, एकाला डिझेलचा,
चौथ्यावर कुणाच्या तरी बाळाचं दूध.
मोजलं तर एक पान कमी.
जिथे ती मरते, तेच.
रोसाउरो खिडकीतून पाणी बघत होता.
एर्मेलिंदा चुलीत लाकूड सारत होती,
जरा जास्तच वेळ.

मी विचारलं नाही.
त्या जागी वहीचा एक कोरा कागद शिवला,
त्यावर लिहिलं, फळ्यावर लिहिते त्या अक्षरात:
इथलं पान आमच्याकडे राहिलं.
काय झालं ते ऐकायचं असेल तर
कुठल्याही शुक्रवारी या.
प्रत्येकजण वेगळं सांगेल.
येताना लाकडं आणा, सुकी.