पासिंग

मागाच्या शेडमागे नऊ वर्षं उभी होती ओम्नी.
गठ्ठ्यांनी बसलेले मागचे पाटे,
सीटखाली मांजरीची तीन वेतं होऊन गेलेली.

विमावाला म्हणाला, आधी पासिंग आणा.
पासिंगवाला म्हणाला, आधी विमा.
टॅक्सच्या खिडकीनं दोन्ही मागितलं.
शेवटी साहेबांनी तारीख दिली :
गाडी दाखवा, मग बघू.

एजंट शिवशरण म्हणाला, पहाटे पाचला काढा मालक,
आसरा चौकात कुत्रंही नसतं.

अप्पांनी ऐकून घेतलं.
जन्मात पंचा इंचभर आखूड विणला नाही त्यांनी.
म्हणाले, कुत्रं नसलं तरी
रस्ता असतो ना.

क्रेनचे बावीसशे मोजले.
भंगारात तिचे अकरा हजार येतील, मी म्हटलं.
ते पिशवीतले कागद पुन्हा तारखेनं लावत बसले.

ती मागे, पत्र्याच्या पाठीवर, साखळदंडात.
आम्ही केबिनमध्ये.
सात रस्त्याला लाल दिवा लागला
तसा अप्पांचा उजवा पाय
रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला.
ड्रायव्हरनं पाहिलं. बोलला नाही.
पुढच्या सिग्नललाही तेच.

विजापूर रोडला आवारात चाकं टेकली.
दोनदा खोकून सुरू झाली, ब्रेक लागले, दिवे लागले.
हॉर्न वाजेना.

'चालवत आणली?' साहेबांनी विचारलं.
'आणवली,' अप्पा म्हणाले,
आणि खिशातून चष्मा काढत,
'परत न्यायलाही क्रेनच लागेल,
नाही का?'