तिसरा रकाना

दवाखान्याच्या पाटीवर लिहिलंय:
दंतचिकित्सा. मंगळवार, शुक्रवार. नऊ ते बारा.
शुद्धलेखन बरोबर आहे, बत्तीस वर्षं बालवाडी शिकवली,
तेवढं मला कळतं.

समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकड्यावर
आम्ही मार्चपासून बसतो, त्याच दोन वारी, त्याच वेळात.
मी, यमुना खरटमल, अय्युब मुजावर
आणि फिलोमिनाबाई, ज्यांना भांडुपची टेकडी उतरायला
पाऊण तास लागतो. चढायचं त्या बोलत नाहीत.

दोनशे पानी वही.
पहिला रकाना: कोण आलं.
दुसरा: डॉक्टर आले का.
फुली मारायला कितीशी शाई लागते?

आत खुर्ची आहे. आम्ही पाहिली.
उद्घाटनाचा हार वाळून दिव्याच्या दांडीला लटकलेला,
अंगावर अजून कारखान्याचं प्लास्टिक,
मांडीवर पोलिओच्या बॅनरची गुंडाळी.
नळ जोडायला पाणीखात्याचं पत्र हवं,
पत्राला इमारतखात्याची सही,
आणि सहीवाले साहेब मंगळवारी साईटवर असतात.
शुक्रवारी कुठे असतात, हे शिपायालाही माहीत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात जा, सांगतात.
जातात लोक. दोन बस, सातला नंबर,
दीड वाजता तारीख मिळते
आणि त्या दिवसाचा रोज बुडतो.
नाही गेले, तर लवंग, तुरटी, गालाला गरम फडकं,
नाहीतर नाक्यावरचा तो,
जो कवळ्या काचेच्या पेटीत मांडून बसतो.

तिसरा रकाना यमुनाने काढला.
म्हणाली, विचार त्यांना, काय खायचं सोडलं.

वाल्मीक पगारे, बिगारी: भाजलेलं कणीस.
शबनम, वय एकोणीस: थंड सगळं.
सुभद्रा मोहिते, तीस वर्षं मिश्री: भाकरी.
पाण्यात बुडवली तर जाते, असंही लिहा, म्हणाली.
एक मुलगा, वय नऊ. आईने सांगितलं: शाळा.
शाळा खातात का, अय्युबने विचारलं.
तू लिही, म्हणाली यमुना.

माहिती अधिकाराला उत्तर आलं, एकोणचाळिसाव्या दिवशी, एक ओळ:
सेवा सुरळीत सुरू आहे.

मग वॉर्ड ऑफिस. साहेब माणूस वाईट नव्हता,
चहा मागवला, वही उलटून पाहिली,
म्हणाला, दातांनी कोणी मरत नाही, मावशी.
यमुना कायम तोंडावर पदर धरून बोलते.
मला वाटायचं, रीत असेल त्यांच्याकडची.
तिने पदर सोडला. वर दोन, खाली एक.
दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,
म्हणीत निदान एक तरी असतं, साहेब.

साहेब हसले.
हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात,
दिसले. डाव्या दाढेला कॅप, महागातली.
मला राग नाही आला. त्यांचीही दुखली असेल कधीतरी.

पुढच्या शुक्रवारी एक मुलगी आली,
पाठीवर सॅक, उसन्या ड्यूटीवर, नाव डॉ. बागवे.
बॅनर उचलून कोपऱ्यात ठेवलं, हार काढला,
प्लास्टिक टरकन फाडलं. बाकड्यापर्यंत आवाज आला.
नळ नव्हताच. मोबाईलच्या उजेडात
बावीस तोंडं पाहिली तिने,
प्रत्येकाला आधी विचारलं, कधीपासून.
फिलोमिनाबाई बाहेर येऊन म्हणाल्या,
काढला नाही, पण बघितला.
दुसऱ्या रकान्यात बरोबरची खूण करताना
माझं पेन जरा अडलं,
सवय गेली होती.

मंगळवारी पुन्हा फुली.

फाटकं प्लास्टिक अय्युबने शिपायाकडून मागून आणलं होतं.
वहीला कव्हर घातलंय, कडा दुमडून, नीट.
अजून एकशे चार पानं कोरी आहेत.