पासंग

पहाटे चारला कांदा-बटाटा मार्केटात माझा काटा लागतो.
गोणी ठेवली की नजर वर, आणि मोठ्यानं:
पन्नास चारशे. एकावन्न. एकोणपन्नास सातशे.
बावीस वर्षं मापाडी आहे, माझा शब्द कोणी मोडला नाही.

म्हणून दवाखान्यात विचारतात,
"दहापैकी किती दुखतं?"
तेव्हा उलटं विचारावंसं वाटतं,
दहा काय? दहा किलो, दहा मण?
तुमच्या काट्याचा धडा केलाय का कधी?

ते येतं रात्री एक पन्नासला.
कोपरखैरण्यात पाणीसुद्धा इतकं वेळेवर येत नाही.
हमाल गोणीत आकडा रुतवून ओढतो
तसं उजव्या डोळ्यामागून.
जन्म आकड्यांत गेला, पण हा आकडा निराळा.
पापणी खाली, नाकपुडी बंद, पाणी फक्त एका डोळ्याला.
वैजयंता पहिल्या वर्षी म्हणाली, "रडताय?"
म्हटलं, अर्धा.

पडून राहता येत नाही. चालायचं.
बैठ्या चाळीच्या गल्लीत इकडून तिकडे, भिंतीला कपाळ टेकत,
पावण्याच्या बाजूनं केमिकलचा वास,
कुत्री आता भुंकत नाहीत, नुसती उठून जागा देतात.
एकदा खाडीपर्यंत गेलो होतो.
कशाला, ते वैजयंतानं विचारलं नाही.
दुसऱ्या रात्रीपासून ती चपला उशाशी घेऊन झोपते, माझ्या.

आधी दाढ काढली. मग तिची शेजारीण, निष्पाप.
नाकाचं हाड सरळ केलं. चष्मा झाला.
सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या,
तडतडल्या छान.
गोळ्यांनी पाय सुजले, नाडी मंदावली,
ते मात्र वेळेवर.
मांडीत घ्यायची सुई अशी महाग
की आधी थोडं सोसून बघायचो, दहा मिनिटं, वीस,
आणि मग सुईला उशीर झालेला असायचा.

बापाच्या काळी तागडी होती.
हलक्या पारड्याला एक खडा बांधायचे, पासंग.
माझं डोकं उजवीकडेच झुकतं.
डावीकडे काय बांधू?

कुरियन मॅडमनी कागदावर फक्त हवा लिहून दिली.
ऑक्सिजन, मिनिटाला बारा लिटर, पंधरा मिनिटं, सुरू होताक्षणी.
तुर्भ्याला तुंगेकरांच्या दुकानात गेलो.
"पेशंट कुठे ॲडमिट आहे?"
"मीच."
त्यांनी मला खालपासून वर पाहिलं,
पाहता पाहता मी नळकांडं खांद्यावर घेतलं होतं.
"अल्ला," म्हणाले, आणि डिपॉझिट थोडं कमी केलं.

ते घरी नेण्याआधी मी काट्यावर ठेवलं. सवय.
भरलेलं सतरा किलो शंभर.
नवव्या दिवशी रिकामं: पंधरा.
दोन किलो शंभर ग्रॅम हवा, आठ रात्री.
पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला,
दोनदा केला.
एका वेळेला पाव किलो, जवळजवळ.
सात वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी मला वजन सांगितलं.

मास्क दाबून धरतो, पुढं वाकून बसतो.
किल्ली वैजयंता फिरवते, तिला आता घड्याळ लागत नाही.
कधी अकराव्या मिनिटाला आकडा सुटतो,
गोणी धप्पकन खाली यावी तसा मी पलंगाच्या कडेला.
कधी सुटत नाही.
काल नाही सुटला.
हवा संपली, तरी आम्ही दोघं मास्क धरून बसलो होतो,
त्यातून फक्त प्लास्टिकचा वास येत होता.

आणि तरी चारला मार्केट.
पहिल्या गोणीआधी काटा रिकामा बघायचा असतो.
शून्य. शून्य. शून्य.
मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघतो.
मागून हमाल ओरडतो,
"मापाडी, झोपला का?
आकडा बोल."